सदस्य-डेटाचे स्थलांतर

संस्थेच्या सदस्यांची नावे, पत्ते, पासवर्ड, वर्गणीच्या नोंदी असा साठलेला डेटा जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवण्याचे काम. मुंबईतली वाचनालये, ज्ञातिसंस्था, वधू-वर सूचक मंडळे यांना ते कधी ना कधी करावेच लागते. कारण बहुधा साधे असते : सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती कालबाह्य झालेली असते, किंवा ती बसवून देणारा माणूस आता फोन उचलत नाही.

कामाचा क्रम ठरलेला आहे. पूर्ण बॅकअप घ्यायचा, नव्या बाजूला कोष्टके आखायची, कुठला रकाना कुठे जाणार ते लिहून काढायचे, नमुन्यावर चाचणी घ्यायची आणि शेवटी एका रात्री नोंदणी बंद ठेवून सगळे हलवायचे. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या दिवसांत हे काढू नये, एवढे मंडळवाल्यांना सांगावे लागत नाही. जुन्या-नव्या नोंदींची संख्या जुळली की काम फत्ते, असे मात्र सर्रास मानले जाते. ते चूक आहे. संख्या जुळूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो.

मराठी डेटात पहिला घोळ लिपीचा. मायएसक्यूएल या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये ८.० आवृत्ती येईपर्यंत (२०१८) मुळात ठरलेला वर्णसंच 'लॅटिन-१', म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा, असे. त्यात युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या जागतिक संकेतपद्धतीतली मराठी भरलेली असली तरी जुन्या जोडणीतून ती नीट दिसते. हलवताना मात्र तिचे पुन्हा एकदा रूपांतर होते आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हामागे तीन-तीन लॅटिन चिन्हे उमटतात. हे उलटे फिरवून दुरुस्त करता येते. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली असतील तर मूळ गेलेच. बॅकअपखेरीज उपाय नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर असेल तर वेगळा परिवर्तक लागतो, कारण तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते.

त्याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत ते 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असते. 'कऱ्हाडे' हे आडनावही दोन-तीन प्रकारे साठवता येते. पडद्यावर सगळी रूपे सारखीच, पण शोध घेतला तर एक सदस्य सापडतो, दुसरा नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण 'ऱ'च्या दोन रूपांना एक करते, 'ॲ'च्या दोन रूपांना करत नाही; तो बदल हातानेच लिहावा लागतो.

वधू-वर मंडळात वेळेचा रकाना सर्वांत नाजूक. १५ तारखेला पहाटे ३.१० ही जन्मवेळ नव्या यंत्रणेने यूटीसीत (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) बदलून तशीच दाखवली, तर ती १४ तारखेची रात्री ९.४० होते. लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे पत्रिकाच दुसऱ्या कोणाची तरी होऊन बसते. जन्मतारीख आणि जन्मवेळ कालक्षेत्राशी न जोडता साध्या रकान्यांतच ठेवावी. फोनचा रकाना अंकांचा न ठेवता मजकुराचा ठेवावा, नाहीतर ०२२ मधले पहिले शून्य गळते. पत्त्यातले 'एल्फिन्स्टन रोड' बदलून 'प्रभादेवी' (स्थानकाचे २०१८ पासूनचे नाव) करण्याचा मोह याच रात्री आवरावा. साफसफाई वेगळी, स्थलांतर वेगळे.

मायएसक्यूएलकडून पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-सॉफ्टवेअरकडे जाताना आणखी दोन ठेचा लागतात. '००००-००-००' ही पोकळ तारीख तिथे चालत नाही, आणि ईमेलमधली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जात असल्याने जुन्या सदस्याला आत शिरता येत नाही.

पासवर्ड हॅशरूपात, म्हणजे एकाच दिशेने होणाऱ्या सांकेतिक रूपात असतात, ते उलगडता येत नाहीत. एमडी५ या जुन्या पद्धतीचा हॅश तसाच आणून सदस्याने पुढच्या वेळी प्रवेश करताच बीक्रिप्ट या अधिक सुरक्षित पद्धतीत बदलणे, ही रूढ रीत. सर्वांना एकदम नवा पासवर्ड घ्यायला लावणे सोपे खरे, पण ज्येष्ठ सदस्यांचे नोंदवलेले मोबाइल क्रमांक कधीच बंद पडलेले असतात आणि ती सगळी मंडळी कार्यालयात येऊन उभी राहतात.

जुना डेटाबेस काही आठवडे फक्त वाचण्यापुरता ठेवतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार हेतू संपल्यावर वैयक्तिक डेटा पुसायचा असतो. त्यात चाचणीसाठी काढलेल्या एक्सेल फायली आणि कार्यकर्त्याच्या पेनड्राइव्हवरची प्रतही आली.