रक्ताच्या पिशवीतला ऑक्सिजन

रुग्णाला रक्त चढवले की आजही आपण ‘दोन बाटल्या लागल्या’ असेच म्हणतो. प्रत्यक्षात काचेची बाटली जाऊन तिच्या जागी पीव्हीसी प्लॅस्टिकची पिशवी येऊन कित्येक दशके लोटली आहेत. पिशवी फुटत नाही, आणि एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या पिशव्यांमुळे रक्ताचे घटक हवेशी संपर्क न येता वेगळे करता येतात. मात्र काचेतून वायू आरपार जात नाहीत आणि या प्लॅस्टिकमधून जातात. रक्तपेढीच्या शीतकपाटात 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पिशवीत जंतू शिरत नाहीत, पण बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन सावकाश झिरपत राहतो. दात्याच्या शिरेतून आलेले रक्त काळपट लाल असते, कारण त्यातला काही ऑक्सिजन शरीराने आधीच वापरलेला असतो. तेच रक्त पिशवीत काही आठवडे राहिले की उजळत जाते. पाहणाऱ्याला ते ताजे वाटेल, पण ती उजळी त्याच्या जुनेपणाची असते.

तांबडी पेशी ऑक्सिजन वाहून नेते, स्वतः मात्र वापरत नाही. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन करून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर ती शरीरात सुमारे 120 दिवस काढते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. ऑक्सिजन लोहावर बसतो आणि बहुतेक वेळा होता तसाच उतरतो. क्वचित मात्र उतरताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन जातो. मग ते लोह ऑक्सिजन धरण्याच्या कामाचे उरत नाही, आणि निसटलेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड होऊन पेशीच्या पटलातील मेदावर आणि प्रथिनांवर तुटून पडतो. शरीरात ही मोडतोड रोजच्या रोज दुरुस्त होते. थंडीत दुरुस्तीची यंत्रणा मंदावते, पेशीचा ऊर्जासाठा आटत जातो आणि नुकसान साचू लागते. तबकडीसारखी लवचीक पेशी आधी काटेरी आणि मग गोल, ताठर होते. पोटॅशियम बाहेर गळते. काही पेशी फुटतात. म्हणूनच पिशवीला मुदत असते, आणि पेशी टिकवण्यासाठी कोणते द्रावण वापरले त्यावर ती ठरते: सीपीडीए द्रावणात 35 दिवस, सॅग-एम द्रावणात 42. रक्त चढवल्यानंतर 24 तासांनी किमान 75 टक्के पेशी रुग्णाच्या रक्तप्रवाहात टिकाव्यात, असा निकष मुदत ठरवताना लावला जातो. याचा अर्थ, मुदतीच्या अखेरीस दिलेल्या पिशवीतला पाव हिस्सा एका दिवसात वाया गेला तरी ती पिशवी नियमात बसते.

यावरचा उपाय वरवर उफराटा वाटतो: साठवण्यापूर्वी पेशींमधला ऑक्सिजनच काढून घ्यायचा. संशोधक तात्सुरो योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेवर अनेक वर्षे काम केले. त्यातून तयार झालेल्या हेमानेक्स्ट वन या संचाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. या पद्धतीत पांढऱ्या पेशी गाळून टाकलेले रक्त दुहेरी पिशवीत भरतात. आतल्या पिशवीतून वायू बाहेर पडू शकतात, बाहेरचे वेष्टन मात्र हवाबंद असते, आणि दोहोंच्या मध्ये लोहाच्या भुकटीचे शोषक असते. खाऊच्या काही पाकिटांत ‘खाऊ नये’ असे छापलेली ऑक्सिजन शोषणारी जी पुडी सापडते, तिच्याच जातीचे. पिशवी काही तास हलक्या हाताने हलवत ठेवली की हिमोग्लोबिनची ऑक्सिजन संपृक्तता, म्हणजे ऑक्सिजनने भरलेल्या जागांचे प्रमाण, 20 टक्क्यांवर किंवा त्याखाली येते. पुढची साठवणही अशाच हवाबंद पिशवीत होते. बाहेरचे लोखंड गंजते, म्हणून आतले शाबूत राहते.

फायदा एवढ्यावर थांबत नाही, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. पेशीच्या पटलात ‘बँड 3’ नावाचे प्रथिन असते. त्याचे पेशीच्या आत लोंबणारे टोक ग्लुकोज-विघटनाच्या काही विकरांना (एन्झाइमना) धरून ठेवते, आणि धरलेली विकरे काम करत नाहीत. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन याच टोकाला चिकटते आणि विकरांना मोकळे करते. म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की ऊर्जानिर्मितीला आपोआप चालना मिळते. सोबत कार्बन डायऑक्साइडही निघून गेल्याने पेशीतील आम्लता घटते, आणि त्यामुळे 2,3-डीपीजी हा पदार्थ अधिक काळ टिकतो. हिमोग्लोबिनने ऊतींपाशी ऑक्सिजन सोडावा यासाठी हा पदार्थ लागतो. नेहमीच्या साठवणीत तो दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतो आणि रक्त चढवल्यावर पुन्हा भरून यायला एक ते तीन दिवस जातात.

ऑक्सिजन काढलेले रक्त रुग्णाला देऊन काय साधणार, हा प्रश्न रास्त आहे. पण फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जायला पेशीला एक सेकंदही लागत नाही आणि तेवढ्यात ती ऑक्सिजनने भरते. खरी अडचण निराळीच आहे. पिशवी नेहमीपेक्षा काळी-जांभळी दिसली, विशेषतः तिला जोडलेल्या नळीतल्या रक्तापेक्षा गडद दिसली, तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यायचा, असे रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला शिकवलेले असते, कारण वाढणारे जंतू ऑक्सिजन संपवतात. नव्या पिशव्या मुळातच गडद असतील, तर ही जुनी खूण तिथे तितकीशी कामाची राहणार नाही.

आणि रुग्णाचे काय? इथे मी जपून बोलेन. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्फॉर्म’ चाचणीत 20 हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना सरासरी 13 दिवसांचे, तर काहींना सरासरी 24 दिवसांचे रक्त दिले गेले. रुग्णालयातील मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा प्रयोगशाळेत पेशी निरोगी दिसल्या म्हणून रुग्ण अधिक वाचतील असे मानता येत नाही. नॉर्वेत कमी ऑक्सिजनचे रक्त रुग्णांना देऊन पाहिले आहे, पण ते गट लहान होते. माझ्या मते या पद्धतीचा कस लागेल तो थॅलेसेमियासारख्या आजारात, जिथे मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. प्रत्येक पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, ते बाहेर टाकायला शरीराकडे नैसर्गिक वाट नाही, आणि साचलेले लोह हृदयाला व यकृताला इजा करते. पिशवीतल्या अधिक पेशी टिकल्या, तर वर्षाला एखाददुसरी पिशवी कमी लागेल का, हे मोजायला हवे.

महाराष्ट्रात पुष्कळ रक्त शिबिरांतून येते. सकाळी गावच्या शाळेत गोळा झालेल्या पिशव्या बर्फाच्या पेटीतून रक्तपेढीत पोहोचायला संध्याकाळ होते, आणि घटक वेगळे करण्यासाठी मिळणारे तास तेव्हा आधीच भरत आलेले असतात. त्यांतच पिशवी काही तास हलवत ठेवण्याचे हे आणखी एक काम बसवावे लागेल.