फुफ्फुसातल्या अरुंद धमन्या आणि दोन मिलिमीटरचा फुगा

पायातून सुटलेली रक्ताची गुठळी फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली, की रक्त पातळ ठेवणारी औषधं सुरू होतात आणि बहुतेकांची गुठळी काही आठवड्यांत विरून जाते. शंभरातल्या साधारण दोन ते चार जणांत मात्र ती पुरती विरत नाही. उरलेला भाग धमनीच्या आतल्या भिंतीला चिकटतो, त्यात तंतुमय ऊती भरतात आणि त्याचा व्रण बनतो. कुठे आतून घट्ट कडं तयार होतं, कुठे कोळिष्टकासारखी जाळी, तर कुठे वाट पार बुजते. आता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन उपयोग नसतो, कारण विरघळण्यासारखं काही तिथे उरलेलंच नसतं.

या आजाराला, म्हणजे जुन्या गुठळ्यांमुळे फुफ्फुस धमनीत कायम वाढलेल्या दाबाला, डॉक्टर सीटीईपीएच म्हणतात. निरोगी माणसाच्या फुफ्फुस धमनीत विश्रांतीच्या वेळी सरासरी दाब पाऱ्याच्या 14 मिलिमीटरच्या आसपास असतो. 20 च्या वर गेला की तो वाढलेला समजतात. हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा, कमी दाबावर काम करणारा. त्याला महिनोन्‌महिने जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागलं, की तो आधी जाड होतो, मग फुगतो आणि शेवटी थकतो. जिना चढताना दम लागणं, पायांवर सूज, श्रम करताना चक्कर ही त्याची लक्षणं.

निदान उशिरा होतं, आणि हे फार वाईट आहे. दम लागण्याचं खापर दम्यावर किंवा वाढत्या वजनावर फोडलं जातं. कित्येक रुग्णांना आपल्याला कधी गुठळी झाली होती हेच ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी एक गोष्ट धरून ठेवावी: औषधं नीट घेऊन तीन महिने झाले आणि तरी दम लागतोय, तर व्हीक्यू स्कॅनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. यात किरणोत्सारी खूण लावलेले अल्ब्युमिनचे सूक्ष्म कण शिरेतून देतात. रक्त जिथे पोचत नाही, तिथे कणही पोचत नाहीत आणि चित्रात फुफ्फुसाचा तो तुकडा रिकामा दिसतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये बारीक फांद्यांतली जाळी निसटू शकते. शेवटी उजव्या हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, घालून दाब प्रत्यक्ष मोजावाच लागतो.

व्रण मोठ्या फांद्यांत असेल आणि रुग्णाला झेपणार असेल, तर शस्त्रक्रिया हाच पहिला पर्याय. छाती उघडून, हृदय-फुफ्फुस यंत्रावर शरीर 18 ते 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण एका वेळी जास्तीत जास्त 20 मिनिटं थांबवतात. तेवढ्या वेळात सर्जन धमनीच्या आतला थर व्रणासकट सोलून काढतो. थर उथळ सुटला तर व्रण मागे राहतो, खोल गेला तर धमनी फाटते. म्हणून ही शस्त्रक्रिया सरावलेल्या केंद्रातच व्हावी.

व्रण बारीक फांद्यांत असेल, तर तिथे सर्जनचं हत्यार पोचत नाही. अशा वेळी फुग्याची अँजिओप्लास्टी करतात. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून, उजव्या हृदयातून कॅथेटर फुफ्फुस धमनीत नेतात. त्यातून 0.36 मिलिमीटर जाडीची तार जाळीपलीकडे सरकवतात, तिच्यावरून फुगा नेतात आणि थोड्या वेळासाठी फुगवतात. जाळीचे धागे तुटतात, बाजूला दाबले जातात आणि रक्त पुढे वाहू लागतं. रुग्ण बहुधा जागा असतो, सांगितलं की श्वास रोखतो. कारण श्वासाबरोबर धमनी हलते आणि तारेचं टोक भलत्याच फांदीत घुसू शकतं. हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखा स्टेंट इथे सहसा बसवत नाहीत.

घाई केली तर काय होतं, हे 2001 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 18 रुग्णांच्या अनुभवातून दिसलं. दाब उतरला खरा, पण 11 जणांच्या फुफ्फुसात पाणी साचलं आणि एक रुग्ण दगावला. पुढे जपानी डॉक्टरांनी पद्धत बदलली. दाब खूप असेल तर पहिल्या खेपेला धमनीच्या मापापेक्षा लहान, बहुधा 2 मिलिमीटरचाच फुगा वापरायचा, एका बैठकीत मोजक्याच फांद्या उघडायच्या आणि दाब उतरल्यावर पुढच्या खेपेला पूर्ण मापाचा फुगा घालायचा. त्यामुळे एका रुग्णाला अनेक बैठका लागतात. ते कंटाळवाणं वाटलं, तरी त्यातच सुरक्षितता आहे.

आजही सर्वात मोठी भीती असते ती तारेने धमनीला भोक पडण्याची. अचानक खोकला, थुंकीत रक्त, ऑक्सिजन घसरणं ही पहिली खूण. मग तोच फुगा भोकाच्या अलीकडे फुगवून रक्त अडवतात, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनचा परिणाम प्रोटामिन देऊन उतरवतात आणि ऑक्सिजन वाढवतात. टोकाकडच्या, वेड्यावाकड्या फांद्यांत हा धोका जास्त, म्हणून त्या बहुधा सोडूनच देतात.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांना रिओसिग्वॅट हे धमन्या सैल करणारं औषधही देतात. मात्रा बहुधा 1 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरू करून, रक्तदाब पाहत, हळूहळू 2.5 मिलिग्रॅम तीनदापर्यंत नेतात. छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेट गोळ्या किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) यांच्यासोबत ते चालत नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो. गर्भारपणातही ते वर्ज्य. दाब फार असेल तर अँजिओप्लास्टीआधी ते सुरू केल्याने फुफ्फुसाला इजा होण्याचं प्रमाण घटतं.

सगळ्या बैठका झाल्यावर काही महिन्यांनी कॅथेटरने दाब पुन्हा मोजतात. तो उतरला, चालताना दम लागेनासा झाला, तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. दात काढायचा असो वा दुसरी शस्त्रक्रिया, ही गोळी किती दिवस थांबवायची हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून ठरवायचं.