पर्यावरण प्रशिक्षण, औद्योगिक

कारखान्यातील ऑपरेटर, कंत्राटी कामगार, स्टोअर्सवाले व अधिकारी यांना आपल्या कामातून होणारे प्रदूषण आणि माल-विजेची नासाडी ओळखून ती जागच्या जागी थांबवता यावी, यासाठी दिले जाणारे शिक्षण. आयएसओ १४००१ (२०१५) या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकात यासाठी दोन वेगळी कलमे आहेत : ७.२ सक्षमतेचे आणि ७.३ जाणिवेचे. बहुतेक ठिकाणी जाणीव करून दिली जाते, सक्षमता मात्र कुणी तपासत नाही.

वडोदऱ्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. पुढे नंदेसरीत रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. या पट्ट्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ कि.मी. लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातील सारोदजवळ मही नदीच्या मुखाकडे नेले जाते. कालवा सामायिक असल्याने एकाच्या चुकीचा त्रास सगळ्यांना होतो.

प्रशिक्षणाची सुरुवात नाल्यापासून करावी. प्रोसेसचा नाला कोणता आणि पावसाळी कोणता, हे कामगाराला प्लांटमध्ये फिरवून दाखवावे. नकाशावर बोट ठेवून भागत नाही. रात्रपाळीत रिअ‍ॅक्टर धुतल्यावरचे दाट पाणी एकदम सोडले की ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) एअरेशन टाकीतील, म्हणजे हवा फुंकण्याच्या टाकीतील, पाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात आणि सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी; अंतर्देशीय पाण्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा २५० मि.ग्रॅ. प्रतिलिटर) हाताबाहेर जातो. टाकी पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणून पहिले, कमी पाण्याचे धुवण वेगळ्या ड्रममध्ये घ्यावे आणि गुणवत्ता विभागाची परवानगी असल्यास पुढच्या बॅचला वापरावे. ईटीपी ऑपरेटरने रोज एक लिटरच्या नळकांड्यात या टाकीतले पाणी घेऊन ३० मिनिटे गाळ बसू द्यावा. एरवीपेक्षा तो वेगळा बसला, तर प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच बिघाड कळतो.

सांडलेल्या रसायनावर पाण्याचा पाइप मारणे ही सर्वांत जुनी खोड. आधी गळती बंद करावी, नाल्याचे तोंड झाकावे, वाळूचा बांध घालावा, मग गोळा करावे. नायट्रिक आम्लावर लाकडाचा भुसा कधीही टाकू नये. तपकिरी विषारी धूर निघतो आणि आग लागू शकते. भुशाचे पोते आणि आम्लाची टाकी एकाच शेडमध्ये असेल, तर वर्गात कितीही सांगून उपयोग नाही.

घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम लागू आहेत. साठवण साधारणपणे ९० दिवसांपर्यंत, नोंद फॉर्म ३ मध्ये, ड्रमवर फॉर्म ८ चे लेबल, वाहतुकीला फॉर्म १० चे मॅनिफेस्ट (सोबत जाणारे नोंदपत्र). लेबलवरचा इशारा हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत, म्हणजे इथे गुजरातीत, लागतो. दांडिया बाजार या वडोदऱ्यातील मराठी वस्तीतून येणारा सुपरवायझर तिन्ही वाचतो, पण ड्रम ढकलणारा कंत्राटी मजूर कदाचित एकही वाचत नसेल. त्याच्यासाठी रंग आणि चित्र हवे.

स्पर्धाक्षमतेशी याचा संबंध तीन ठिकाणी येतो. पहिला खर्चाचा : ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनला ३ मि.मी.चे छिद्र असले, तर कॉम्प्रेसरची सुमारे ३ किलोवॅट वीज वाया जाते. वर्षाला ८,००० तास आणि ८ रु. युनिट धरल्यास हे १ लाख ९२ हजार होतात. फुसफुस ऐकून टॅग लावणारा फिटर हे वाचवतो. दुसरा, कारखाना चालू राहण्याचा : जल अधिनियमाच्या कलम ३३-अ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ वीज तोडण्याचा व बंदचा आदेश देऊ शकते. तिसरा, ग्राहकांचा. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजनाचा (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरील आकारणीचा) अहवाल-टप्पा ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ असा होता. पोलाद वा अॅल्युमिनियम पुरवणाऱ्याला त्यासाठी इंधन-विजेचे आकडे द्यावे लागत, आणि ते मीटर वाचणाऱ्याच्या वहीतून येत. शेअर बाजारात नोंदलेल्या बड्या कंपन्यांना सेबीच्या बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता) अहवालात कर्मचारी-कामगारांच्या प्रशिक्षणाची टक्केवारी द्यावी लागते. कडक नियम नवे मार्ग शोधायला लावून फायदाही देतात, असे मायकेल पोर्टर व क्लास व्हॅन डर लिंड यांनी १९९५ मध्ये मांडले. अर्थात तो फायदा आपोआप होत नाही.

नेहमीचा दोष म्हणजे हजेरीपत्रकावर सह्या घेऊन प्रशिक्षण ‘पूर्ण’ दाखवणे. ऑडिटर सह्या पाहत नाही, ऑपरेटरला थेट विचारतो, “हा गाळ कुठल्या ड्रममध्ये?” शिफ्टच्या आरंभी १०-१५ मिनिटे, एकच विषय, मशीनपाशी, आणि शेवटी कामगाराकडून करवून घेणे, एवढे पुरते. कंत्राटदार बदलला की नव्याने द्यावे. मे महिन्यात पावसाळी नाल्यांचे दरवाजे उघडून-लावून पाहण्याची एक फेरी वेगळी ठेवावी. वर्षभर न हललेला दरवाजा गंजून अडकलेला असतो.