‘प्रवासी’ हा शब्द वाचलात का?

इयत्ता पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी वाचन-आकलनाचे वर्ग, नौपाडा, ठाणे पश्चिम
पालकांसाठी माहितीपत्रक

पालकहो, आधी तुमचीच एक छोटी परीक्षा. या दोन ओळी वाचा.

‘भुळव्याच्या झिंबरात दरसाल तीन टिंभोरे गळपतात. ते गळपले की धुलके आपापली कुरपी चिपटून ठेवतात.’

झिंबर कोणाचं? दरसाल किती टिंभोरे गळपतात? ते गळपले की धुलके काय करतात?

तिन्ही उत्तरं आली ना? पैकीच्या पैकी गुण. आता अर्थ सांगा. सांगता येणार नाही, कारण या ओळींना अर्थच नाही. आम्ही त्या चहा पिता पिता रचल्या आहेत. मराठीचे प्रत्यय इतके इमानी की काहीही न कळता नुसत्या ‘च्या’ आणि ‘त’ला धरून उत्तर गाठता येतं.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं इतिहास-भूगोलाचा उतारा नेमका असाच सोडवतात. प्रश्नातला एक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि तिथलं वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवायचं. सहावी-सातवीपर्यंत यावर गुण मिळत राहतात, म्हणून घरी कुणाच्या लक्षात येत नाही. आठवीनंतर ‘सकारण स्पष्ट करा’, ‘तुमचे मत लिहा’ असे प्रश्न वाढतात. मग पालक म्हणतात, ‘वाचतो हो खूप, पण पेपरात काही येत नाही.’ तो वाचत नाही, शोधतो. या दोन कामांतला फरक मुलाला दाखवून देणं हाच आमचा वर्ग.

एक उतारा, आमच्या पद्धतीने

ठाणेकराला आवडेल असाच घेऊ.

‘१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी निघाली. तिच्या चौदा डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते. गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडली होती. अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते. त्याआधी १८५१ मध्ये रुरकीजवळ गंगा कालव्याच्या बांधकामासाठी माती वाहून नेण्याकरिता वाफेचे इंजिन रुळांवर धावले होते. ठाण्यापुढे कल्याणपर्यंतचा मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला.’

गाडी कधी निघाली, इंजिनं किती, त्यांची नावं काय, हे कोणीही सांगतं. ते आम्ही विचारतो, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. खरे प्रश्न त्यानंतरचे.

‘भारतात रुळांवर धावलेलं पहिलं वाफेचं इंजिन ठाण्याला आलं.’ बरोबर की चूक? मुलं बेधडक ‘बरोबर’ म्हणतात. (आईबाबाही म्हणतात, ‘पहिली रेल्वे आमच्या ठाण्याला आली’ हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय.) उताऱ्यात मात्र ‘पहिली प्रवासी’ असं आहे आणि तीन वाक्यं सोडून रुरकी आहे. ज्याने ‘प्रवासी’ हा शब्द नुसता ओलांडला, त्याला रुरकीचं वाक्य इथे कशाला आलंय हेच कळत नाही. ठाण्याचा मान यात कमी होत नाही, हेही आम्ही सांगतो, कारण एकदा एक मुलगी या प्रश्नावर खरोखर रुसली होती.

दुसरा प्रश्न : त्या दिवशी बाजारातल्या एखाद्या माणसाला तिकीट काढून त्या गाडीत बसता आलं असतं का? नेहमीचं उत्तर : ‘नाही, कारण तिकीट महाग होतं.’ ऐकायला पटणारं आणि पूर्णपणे मनचं. उताऱ्यात तिकिटाच्या किमतीबद्दल अक्षर नाही. ‘निमंत्रित’ हा शब्द आहे, उत्तराचा आधार तोच. ‘नाही’ बरोबर, कारण चूक, म्हणून आम्ही अर्धेच गुण देतो. यावर पालकांशी कधी कधी वाद होतो, पण आमचा हट्ट कायम आहे : प्रत्येक उत्तराखाली मुलाने उताऱ्यातला ज्या शब्दावर ते उभं आहे तो शब्द अधोरेखित करून दाखवायचा. शब्द सापडत नसेल तर उत्तर घरून आणलेलं आहे.

तिसरा : १८५३ च्या पावसाळ्यात कल्याणच्या माणसाला रेल्वेने मुंबईला जायचं असेल तर गाडी कुठून धरावी लागली असती? इथे पहिलं आणि शेवटचं वाक्य जोडावं लागतं. उत्तर कुठल्याच एका वाक्यात नाही, म्हणून ‘शोधणारी’ मुलं इथे थांबतात. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला आहे, तिथे बोट ठेवून यायची मुभा असते.

छोटे शब्द

अवघड शब्दांनी मुलं अडतात असं आपल्याला वाटतं. अवघड शब्द निदान दिसतो तरी, मूल विचारतं. घोटाळा करतात ते छोटे शब्द : किमान, केवळ, मात्र, वगळता, अन्यथा, तरीही, परिणामी.

नागरिकशास्त्रातलं एक उदाहरण. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या. या दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केलं. आम्ही विचारतो : महाराष्ट्राने घटनेविरुद्ध केलं का? आठवीचा अख्खा गट एकदा ‘हो’ म्हणाला होता. ‘किमान’ला फळ्यावर गोल केल्यावर दहा सेकंद शांतता, आणि मग मागच्या बाकावरून ‘अरेच्चा!’ तो अरेच्चा ऐकायला आम्ही हा धंदा करतो, असं म्हटलं तरी चालेल.

आकड्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि तो देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. पंधरापैकी आठ तालुके तिकडे गेले, सात इथे राहिले. आता हा १ कोटी १० लाखांचा आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून लिहायचा का? जनगणनेचं साल आणि विभाजनाचं साल शेजारी ठेवून पाहिलं की उत्तर आपोआप मिळतं. सालं पाठ करायची कशाला, असं विचारणाऱ्या मुलांना आमच्याकडे हेच उत्तर आहे.

गोष्टी सोडून सामाजिक शास्त्रं का?

गोष्टी वाचाव्यातच. पण गोष्टीत पुढे काय होणार ही ओढ मुलाला ओढून नेते, न कळलेलं खपून जातं. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र यांचा उतारा असा ओढत नाही. त्यात कारण आणि परिणाम असतात, कायदा आणि अपवाद असतात, काळ आणि जागा असते. शंभर-दीडशे शब्दांत हे सगळं सापडतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वाचलेलं कळण्यासाठी त्या विषयाची आधीची थोडी माहिती लागते. रेक्ट आणि लेस्ली या संशोधक महिलांनी १९८८ मध्ये अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेट घ्या. ‘नाइट वॉचमन पहिल्याच षटकात बाद झाला’ हे वाक्य क्रिकेट न कळणाऱ्याने वाचलं तर त्याच्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या गेटवरचे काका येतील, दिवस संपताना राखणीला पाठवलेला तळाचा फलंदाज नव्हे. शब्द दोन्ही ओळखीचे, वाचन अस्खलित, अर्थ शून्य.

म्हणून ‘आकलनाच्या युक्त्या’ शिकवणाऱ्या पुस्तिकांवर आमचा फारसा विश्वास नाही. युक्त्या थोड्या लागतात, दोन-तीन आठवड्यांत शिकवून होतात. माहिती मात्र साठत साठत येते. आम्ही एक विषय धरला की सलग सहा उतारे त्याच विषयाचे देतो. पाण्याचा धरला तर महाडचा १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, उल्हास नदी, धरणं, पाणीपट्टी, खाडी आणि खारफुटी असे. ठाणे खाडीच्या उताऱ्यात फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५) आणि जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतला समावेश (२०२२) आला की ‘पाणथळ’ हा शब्द मुलाला नव्याने समजवावा लागत नाही, आधीच्या उताऱ्यात तो भेटलेला असतो. सहावा उतारा पहिल्यापेक्षा अवघड असतो आणि मुलांना तो सोपा वाटतो.

ठाण्यातली बरीच मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजीत शिकतात. त्यांना आम्ही एकाच विषयाचे उतारे आधी मराठीत, मग इंग्रजीत देतो. ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणजे काय हे एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत फक्त नाव शिकायचं उरतं.

वर्गात काय होतं

एका तासात एकच उतारा, एका गटात आठच मुलं. आधी मनात वाचन, मग जोडीने अडलेल्या शब्दांवर बोलणं. त्यानंतर कागद पालथा घालायचा आणि काय वाचलं ते स्वतःच्या दोन वाक्यांत लिहायचं. हा पालथा कागद मुलांना अजिबात आवडत नाही, पण त्यामागे आधार आहे : रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. शेवटी प्रश्न, आणि त्यातला एक प्रश्न मुलांनी स्वतः काढलेला. ज्याला चांगला प्रश्न काढता आला त्याला उतारा कळलाय, आमची खरी कसोटी हीच.

दहावीच्या इतिहासाच्या पेपरातला उताऱ्याचा प्रश्न, मराठीच्या कृतिपत्रिकेतला अपठित गद्य, सीबीएसईच्या सामाजिक शास्त्राच्या पेपरातले उताऱ्यावरचे प्रश्न, शिष्यवृत्ती परीक्षा, सगळीकडे हे उपयोगी पडतं. त्यासाठी वेगळ्या नोट्स आम्ही देत नाही आणि इतके टक्के वाढतील अशी हमीही देत नाही.

आधी घरी हे करून पाहा

मुलाच्या इयत्तेचा एक उतारा त्याला स्वतः वाचू द्या आणि चार प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तितकाच अवघड, पण वेगळा उतारा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, असं असेल तर अडचण अक्षर-शब्द वाचण्याच्या वेगाची आहे. त्याला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावणं हा उपाय, आमचा वर्ग नव्हे. डोळे तपासून घ्या. अक्षरांची उलटापालट सातत्याने होत असेल तर अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञांना दाखवा. ऐकूनही कळत नसेल तर शब्द आणि माहिती कमी पडते आहे, मग या.

फी न भरता करता येण्यासारखं एक काम : सोसायटीच्या फलकावरची पाण्याची सूचना मुलाला वाचायला लावा. समजा, ‘गुरुवारी सकाळी ९ पासून शुक्रवारी सकाळी ९ पर्यंत, ए विंग वगळता, पाणीपुरवठा बंद राहील, त्यानंतर काही काळ पाणी कमी दाबाने येईल’ असं लिहिलंय. बादल्या कोणी भरायच्या, कधी भरायच्या आणि शुक्रवारी शाळेत जाण्याआधी अंघोळीला पाणी येणार का, हे त्याने सांगायचं. चुकलं तर घरभर कळेलच.

वेळ, फी वगैरे

पाचवी-सहावी, सातवी-आठवी आणि नववी-दहावी असे तीन गट, शनिवारी आणि रविवारी सकाळी प्रत्येकी एक तास. संध्याकाळी वर्ग ठेवत नाही, कारण घोडबंदर रोडवरून येणारी मुलं अर्धा वर्ग संपल्यावर पोचायची. फी महिन्याला १,४०० रुपये, उताऱ्यांचे कागद त्यातच. भावंडांपैकी दुसऱ्याची निम्मी. महिना सुरू झाल्यावर सोडलंत तर उरलेल्या तासांचे पैसे परत. मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा, आणायला आलेल्या पालकांनीसुद्धा. पत्ता आणि फोन क्रमांक मागच्या पानावर आहे.

पहिला तास विनामूल्य. येताना पेन्सिल, खोडरबर आणि इतिहासाची किंवा भूगोलाची तपासून मिळालेली एखादी उत्तरपत्रिका आणा. चांगल्या गुणांची शोधून आणू नका, जिच्यावर लाल शाई जास्त आहे ती आणा.