अठराचा वारा, एक्केचाळीसचा झोत

नेरुळला आमच्या समोरच्या काकूंची मोगऱ्याची कुंडी मे महिन्यात एका दुपारी ग्रिलमध्येच आडवी झाली. माती सगळ्या गॅलरीभर. काकू मोबाईलवरचं हवामानाचं अॅप उघडूनच आल्या. "हे बघ, वारा अठराच दाखवतोय. अठराने कुंडी पडते होय रे?"

१८ बरोबरच होतं. त्याखाली बारीक अक्षरात ४१ होतं, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

१८ हा वाऱ्याचा ताशी किलोमीटरमधला वेग, म्हणजे सरासरी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती १० मिनिटांची असते. आपलं हवामान खातं चक्रीवादळाच्या वेळी ३ मिनिटांची धरतं. ४१ हा झोत, म्हणजे जेमतेम ३ सेकंद टिकणारा फटका. सरासरीत तो विरून जातो, कुंडीला मात्र पुरतो.

शिवाय वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पावसाळ्याआधी गच्चीवर २ बाय ३ मीटरची ताडपत्री बांधलीत आणि वारा तिच्यावर समोरून आला, तर ताशी २० किमीला तिच्यावर साधारण १२ किलोचा भार येतो. ४० च्या झोताला तोच ४६ किलो. वाशीच्या बाजारात हमाल पाठीवर घेतो ते कांद्याचं पोतं जवळपास एवढंच! सुतळीची गाठ १२ किलोच्या हिशेबाने मारलेली असते, म्हणून ती तुटते.

दोन आकड्यांत अंतर किती पडणार, हे जागेवर ठरतं. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळासाठी आकडा दिला होता ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० पर्यंत. अंतर फार नाही, कारण समुद्रावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. आपल्याकडे खाडी ओलांडली की टॉवर, उड्डाणपूल, पुढे पारसिकचा डोंगर. अडथळ्यांनी वारा मंदावतो आणि फाटतोही, त्यामुळे सरासरी पडते पण फटके उरतात. त्यात दुपारी जमीन तापली की वरची वेगवान हवा खाली येते. म्हणून दुपारी झोत वाढतात, सकाळी मात्र झाडाचं पानही हलत नाही.

आता खरा घोळ. हवामान खात्याच्या इशाऱ्यात "विजांच्या कडकडाटासह ताशी ३० ते ४० किमी वेगाने सोसाट्याचा वारा" असं येतं. शब्द 'वेग' असला तरी तो आकडा झोताचा असतो. तो अॅपमधल्या १८ शेजारी ठेवून "दोघांपैकी एक खोटं बोलतंय" म्हणणं चूक. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला नोंदलेले ११४ किमीसुद्धा झोताचेच, तासभर सलग वाहिलेल्या वाऱ्याचे नव्हेत.

वळवाच्या ढगापुढे मात्र अॅपचे दोन्ही आकडे लंगडे पडतात. ढगातली गार हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात मुंबई-ठाणे पट्ट्याने ते पाहिलं. अशा वेळी सकाळचा अंदाज विसरावा आणि खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघावा. अॅपमागची जागतिक गणितं साधारण ९ ते १३ किमीच्या चौकटीत हवा मोजतात. नेरुळ आणि बेलापूर त्यांना बहुधा एकच गाव वाटत असावं. तुमच्या दोन इमारतींमधली बोळ त्यांना दिसतच नाही. त्यातून अंदाज असतो मोकळ्या मैदानात जमिनीपासून १० मीटरवरचा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या उंचीचा. विसाव्या मजल्यावरच्यांनी आकडा वाढवूनच धरावा.

कपडे वाळतील का, सायकल पाम बीच रोडला न्यावी का, यासाठी मी वरचा आकडा बघतो. बांधायचं, टांगायचं किंवा उचलून आत घ्यायचं असेल तर खालचा. काकूंनी कुंडी आता ग्रिलला तारेने बांधली आहे. मोगरा वाचला, पण या वर्षी फुलं कमी आली.