खनिज आहे, गिऱ्हाईक हवे: क्रिटिकल मिनरल्सच्या सरकारी अनुदानांमागचा इतिहास

२० ऑक्टोबर २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये डोनाल्ड ट्रम्प आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी क्रिटिकल मिनरल्सच्या, म्हणजे उद्योगांना अत्यावश्यक पण मोजक्या देशांतूनच मिळणाऱ्या खनिजांच्या, करारावर सह्या केल्या. सहा महिन्यांत दोन्ही सरकारांनी या क्षेत्रातल्या प्रकल्पांत किमान एकेक अब्ज अमेरिकी डॉलर घालायचे, असे ठरले. पहिल्या यादीतला एक प्रकल्प मुद्दाम पाहण्यासारखा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात वॅगरप येथे अल्कोआची अ‍ॅल्युमिना रिफायनरी आहे. बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढताना जे द्रावण पुन्हापुन्हा फिरवले जाते, त्यात चिपसाठी लागणारा गॅलियम हा धातू किंचित असतो. तो वेगळा काढायचा, वर्षाला सुमारे १०० टन. रिफायनरी अमेरिकी कंपनीची, जमीन ऑस्ट्रेलियाची, भागीदार जपानची सोजित्झ ही व्यापारी कंपनी, आणि पैसा तिन्ही सरकारांचा.

शंभर टन धातूसाठी तीन सरकारांनी का धावून यावे? हे समजून घ्यायला २०१० सालात जावे लागते.

त्या वर्षी ७ सप्टेंबरला, जपानच्या ताब्यातल्या पण चीनही दावा सांगतो त्या सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षक दलाच्या जहाजांशी टक्कर झाली. जपानने बोटीच्या कप्तानाला अटक केली आणि पुढच्या काही दिवसांत चीनमधून जपानला येणारी दुर्मीळ मृदा खनिजे (रेअर अर्थ्स) बंदरांवरच अडकली. निर्यातबंदी घातल्याचे चीनने कधी मान्य केले नाही, पण माल दोन महिने जवळजवळ हललाच नाही. तेव्हा जगातल्या दुर्मीळ मृदांच्या उत्पादनातला ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या चीनचा होता. त्यांतल्याच निओडिमियम या धातूच्या चुंबकांशिवाय टोयोटाची हायब्रिड गाडी चालत नाही आणि हार्ड डिस्क फिरत नाही. जपानी कारखानदारांना धडकी भरली.

जपान सरकारने त्याच हिवाळ्याच्या तोंडावर पुरवणी अर्थसंकल्पात १०० अब्ज येनची तरतूद केली. काही पैसा या धातूंचा वापर कमी करणाऱ्या संशोधनाला गेला, काही पुनर्वापराला, आणि काही परदेशातल्या खाणींत हिस्सा घ्यायला. आज जे देश परकी भागीदारांसह अनुदाने वाटत आहेत, त्यांची वाट इथूनच सुरू होते.

परदेशात हिस्सा घ्यायचा म्हणजे कुठे? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात लॅव्हर्टनजवळ माउंट वेल्ड नावाचा साठा आहे. तो लायनस या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होता. २००९ मध्ये पैशाअभावी अडलेल्या लायनसमध्ये बहुमताचा हिस्सा घ्यायला चीनची एक सरकारी कंपनी पुढे आली होती. हिस्सा ५० टक्क्यांखाली ठेवा, असे ऑस्ट्रेलियाच्या परकी गुंतवणूक मंडळाने सांगितले, तेव्हा तिने माघार घेतली. त्या वर्षी तो व्यवहार झाला असता, तर पुढचा सगळा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. मार्च २०११ मध्ये जपानची सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्झ यांनी मिळून लायनसला २५ कोटी डॉलर दिले. त्या बदल्यात जपानला वर्षाला सुमारे ८,५०० टन माल दहा वर्षे मिळण्याची सोय झाली.

इथे थोडे थांबून कारखान्यात डोकावले पाहिजे, कारण खरी अडचण खाणीत नसतेच. माउंट वेल्डचे खनिज दाट करून मलेशियात क्वांतानजवळच्या गेबेंग येथे नेले जाते. तिथे ते तीव्र गंधकाम्लाबरोबर फिरत्या भट्टीत भाजतात, मग पाण्यात विरघळवतात. यानंतरचे काम सर्वांत चिवट. दुर्मीळ मृदांची मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकमेकांना इतकी जवळची की एका टप्प्यात ती सुटी होत नाहीत. मिश्रण तेलकट द्रावकाबरोबर ढवळायचे, दोघांचे थर सुटू द्यायचे, पुढच्या टाकीत सोडायचे, असे शेकडो वेळा करावे लागते. सगळी साखळी स्थिरावायला महिने जातात. त्यानंतर चुंबक बनवणारी कंपनी नमुने मागवते, तपासते, नापसंत करते, पुन्हा मागवते. एवढा काळ पगार, वीज, रसायने आणि व्याज चालूच असते, विक्री मात्र शून्य. शिवाय खनिजातल्या थोरियम या धातूमुळे उरणारा कचरा किरणोत्सारी. त्यावरून मलेशियात मोठी आंदोलने झाली, आणि तिथल्या लोकांची भीती खोटी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होते.

लायनसचा कारखाना रखडत सुरू झाला तोवर भाव कोसळले होते. २०११ च्या मध्यावर आकाशाला भिडलेले दर पुढच्या दोनतीन वर्षांत जमिनीवर आले. अमेरिकेतली मॉलीकॉर्प यात बुडाली. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासची जुनी खाण तिने भांडवली बाजारातून अब्जावधी डॉलर उभे करून पुन्हा चालू केली होती. जून २०१५ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. लायनसही काठावर होती. पण तिच्या सावकाराला व्याजापेक्षा माल हवा होता. जोगमेक-सोजित्झने व्याज उतरवले, मुदती वाढवल्या आणि खरेदी चालू ठेवली. दोन्ही कंपन्यांकडे खनिज उत्तम होते. वाचली ती, जिच्यामागे भाव पडल्यावरही पळून न जाणारे गिऱ्हाईक होते. या विषयावर कितीही धोरणपत्रे निघोत, मला यातला सर्वांत मोलाचा धडा हाच वाटतो.

ऑस्ट्रेलियाने तो जरा उशिरा घेतला. २०१९ मध्ये पहिले क्रिटिकल मिनरल्स धोरण आले, २०२१ मध्ये दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा कर्जनिधी. त्यातून एप्रिल २०२२ मध्ये इलुका कंपनीला इनियाबा येथील रिफायनरीसाठी १.२५ अब्ज डॉलरचे कर्ज मिळाले. खर्च वाढल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये आणखी ४० कोटी. इलुका किनारी वाळूतून झिर्कॉन आणि टायटॅनियमची खनिजे काढते. उरलेले मोनाझाइट, म्हणजे दुर्मीळ मृदा असलेले खनिज, ती १९९० च्या दशकापासून साठवून ठेवत आली होती. त्या साठ्यातूनच आता निओडिमियम काढायचे आहे. मग २०२३ च्या अर्थसंकल्पात ५.७१ कोटी डॉलर खास आंतरराष्ट्रीय भागीदारीसाठी ठेवले गेले. कर्जांच्या मानाने रक्कम किरकोळ आहे, पण रोख नेमका आहे: शुद्धीकरणाचे प्रकल्प मित्रदेशांच्या पुरवठा साखळीशी बांधायचे.

अमेरिका तर आपल्या संरक्षण खात्याचा पैसा परदेशी कंपन्यांना देऊ लागली. लायनसला टेक्ससमधल्या कारखान्यासाठी तिने करार दिले, आणि मे २०२४ मध्ये कॅनडा सरकारबरोबर मिळून कॅनडातल्या प्रकल्पांना अनुदान दिले. जुलै २०२५ मध्ये त्याहून मोठे पाऊल पडले. माउंटन पास आता एमपी मटेरियल्सकडे आहे. तिच्या निओडिमियम-प्रासिओडिमियम या चुंबकांच्या कच्च्या मालाला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव संरक्षण खात्याने बांधून दिला. बाजारभाव त्याखाली गेला, तर फरक सरकार भरणार. मॉलीकॉर्पला नेमके हेच मिळाले नव्हते.

मधल्या काळात चीनने दोर आवळला होता. ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमला निर्यात परवाने, वर्षाअखेरीस ग्राफाइटला, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला गॅलियमची बंदीच, आणि एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा व त्यांची चुंबके परवान्याखाली. हा शेवटचा फटका आपल्याकडेही बसला. चेतक ही विजेवरची स्कूटर बनवणाऱ्या बजाज ऑटोने उत्पादन घटण्याचा इशारा जाहीरपणे दिला.

भारताची गोष्ट याहून जुनी, आणि म्हणून अधिक चुटपुट लावणारी. तमिळनाडूतल्या मणवळकुरिचीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट असल्याचे शंभरहून अधिक वर्षे माहीत आहे. इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल ही सरकारी कंपनी, १९५० मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. २०१० च्या धक्क्यानंतर जपान आपल्याकडेही आला होता. ओडिशातल्या छत्रपूरचा माल विशाखापट्टणमला टोयोटा त्सुशोच्या कारखान्यात शुद्ध होऊन जपानला जाऊ लागला. आपण कच्च्या मालाच्या टोकाला राहिलो आणि चुंबक तिकडे बनले. जून २०२५ मध्ये, देशातच टंचाई जाणवू लागल्यावर, ही निर्यात थांबवायला आयआरईएलला सांगितल्याची बातमी आली.

परदेशात खाणी मिळवण्यासाठी ऑगस्ट २०१९ मध्ये काबिल ही तीन सरकारी कंपन्यांची मिळून कंपनी निघाली. तिच्यात नाल्कोचे ४० टक्के, हिंदुस्थान कॉपरचे ३० आणि एमईसीएलचे ३०. यातली खनिजांचा शोध घेणारी एमईसीएल नागपूरची, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सही नागपूरचे. देशाच्या खनिज शोधाचे बरेचसे ज्ञान तिथेच साठले आहे. मार्च २०२२ मध्ये काबिलने ऑस्ट्रेलियाशी करार केला. लिथियम आणि कोबाल्टच्या प्रकल्पांची छाननी करायला दोघांनी मिळून ६० लाख डॉलर ठेवले, वर्षभराने पाच प्रकल्प निवडले. एवढ्या रकमेत खाण येत नाही, अहवाल येतो. त्यापेक्षा अर्जेंटिनाची वाटचाल ठोस आहे: जानेवारी २०२४ मध्ये काटामार्का प्रांतात लिथियमचे पाच पट्टे, १५,७०३ हेक्टर, सुमारे २०० कोटी रुपयांत. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचे राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनही मंजूर झाले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, आणि तिच्या रचनेत मला पहिल्यांदा लायनसचा धडा दिसतो. ६,४५० कोटी विक्रीशी जोडलेले आहेत, कारखाना उभारायला फक्त ७५० कोटी. लक्ष्य वर्षाला ६,००० टन चुंबकांचे. अशा चुंबकाच्या वजनात साधारण तीस टक्के दुर्मीळ मृदा असतात, म्हणजे सुमारे १,८०० टन लागतील. आयआरईएलचे आजचे उत्पादन त्याहून बरेच कमी आहे. उरलेला माल बाहेरूनच आणावा लागेल, आणि चुंबकाला उष्णता सोसण्यासाठी लागणाऱ्या, माउंट वेल्डमधून निघणाऱ्या डिस्प्रोसियम-टर्बियम या दुर्मीळ मृदांचा ६५ टक्क्यांपर्यंतचा वाटा जपानने २०२३ मध्येच करारात बांधून घेतला आहे.