कोस्टर मरतो तो रस्त्यामुळे

नाशिकमध्ये रोलर कोस्टर म्हणावा असा मोठा एक पण नाही, तरी इथे असे लोक आहेत जे सुट्टी टाकून खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जातात, दिवसभर एकाच राइडच्या लाइनीत परत परत उभे राहतात आणि घरी आल्यावर यूट्यूबवर तीच राइड बघत बसतात. मी त्यातलाच. घरच्यांचा प्रश्न ठरलेला, वय काय आणि चाललंय काय. तो प्रश्न एकवेळ सोपा, खरी पंचाईत होते बंद पडलेल्या राइड्सवरून. चालू आहे तिच्यात बसायला गेला हे लोक समजून घेतात, पण जी पाडून भंगारात घातली तिचे जुने फोटो आणि नकाशे कशाला जमवायचे? त्याचं उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

सुरुवात बर्फात झाली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास उंच लाकडी सांगाडे उभे करायचे, उतारावर पाणी ओतायचं, ते गोठलं की घसरगाडीवर बसून सुसाट खाली. कॅथरीन राणीला हा नाद इतका लागला की उन्हाळ्यात पण खेळता यावं म्हणून ओरानियेनबाउमच्या राजवाड्याजवळ चाकाच्या गाड्यांची घसरण बांधून घेतली. मग १८१७ ला पॅरिसमध्ये दोन ठिकाणी अशा गाड्या आल्या, त्यांची चाकं मार्गाला अडकवलेली होती म्हणजे गाडी उडून बाहेर जाणार नाही. हे सगळं श्रीमंतांचं आणि हौशी लोकांचं. मला त्याच्यापेक्षा जास्त भारी वाटते ती कोळशाची गाडी.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाचं गाव होतं, तिथे १८२७ मध्ये खाणीतला कोळसा डोंगरावरून खाली कालव्यापर्यंत आणायला साधारण १४ किलोमीटरचा रूळ टाकला. इंजिन वगैरे काही नाही, भरलेल्या गाड्या नुसत्या उतारावर सोडायच्या आणि ब्रेकवर एक माणूस बसवायचा. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं लागायची, आणि ती खेचरं खाली यायची कशी तर त्याच ताफ्यातल्या वेगळ्या गाडीत उभी राहून, मस्त वारा खात! नंतर वर ओढायला वाफेची यंत्रं बसवली, चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी आणि गाडीला खटका लावला. आज कुठल्याही कोस्टरवर चेनने वर जाताना खालून जो टक टक टक आवाज येतो आणि आपल्या पोटात गोळा येतो ना, तो याच खटक्याचा वारसा आहे, म्हणजे घाबरवणारा आवाज हा खरं तर सेफ्टीचा आवाज. १८७२ ला डोंगरातून बोगदा झाला, कोळसा तिकडून जायला लागला आणि हा रूळ रिकामा पडला. मालकांनी डोकं लावलं, तो नुसता पर्यटकांसाठीच चालवायला सुरुवात केली, आणि ते इतकं चाललं की १९३३ पर्यंत लोक नुसती मजा म्हणून तो डोंगर उतरत होते. १९३७ ला सगळं भंगारात गेलं.

इथे आपल्या नाशिककरांना कसारा घाट आठवायला हरकत नाही. १८६५ ला रेल्वे इगतपुरीपर्यंत चढली, ३७ ला १ असा चढ, आजही मागून बँकर इंजिनं ढकलतात, आणि उतरताना गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला बाजूच्या चढावर घेऊन थांबवायला कॅच सायडिंग. गुरुत्वाकर्षणाशी भांडायचं तंत्र दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की आपल्याकडे तो रूळ कधी रिकामा झालाच नाही, त्यामुळे त्याची राइड व्हायची वेळ आली नाही, आणि तेच बरं.

तर मॉक चंकची ती गर्दी बघून लामार्कस थॉम्पसन या माणसाने १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला समुद्रकिनारी स्विचबॅक रेल्वे उभी केली. वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली सायकल पुढे निघून जाईल, बाकावर बाजूला तोंड करून बसायचं, तिकीट पाच सेंट. एका टोकाला उतरायचं, पोरं गाडी ढकलून दुसऱ्या मनोऱ्यावर चढवायची, परत बसायचं. तरी झुंबड. त्यानंतर वीसेक वर्षांत अमेरिकाभर कोस्टर उगवले आणि ते कुठे उगवले हे बघितलं की मला जे सांगायचंय ते सापडतं. ते उगवले ट्रामच्या शेवटच्या स्टॉपला. ट्राम कंपन्यांच्या गाड्या सोमवार ते शनिवार भरून जायच्या, रविवारी मोकळ्या, खर्च मात्र रविवारचाही. मग लाइन जिथे संपते तिथे स्वतःच बाग, तळं, नाचायचा हॉल, एखादा कोस्टर टाकायचा, म्हणजे रविवारी पण घरच्या सगळ्यांना घेऊन लोक जाणार येणार. पिट्सबर्गजवळचं केनीवुड असंच १८९८ चं, अजून चालू आहे. अल्टूनाच्या लेकमाँट पार्कात १९०२ ला बांधलेला लीप द डिप्स हा जगातला सगळ्यात जुना उभा असलेला कोस्टर, तो पण ट्रामवाल्या पार्कातला. १९८५ ला बंद पडला होता, लोकांनी वर्गणी काढून, खटपट करून १९९९ ला परत चालू केला.

ट्राम आपल्याकडे पण होती बरं का. १८८९ ला नाशिकरोड स्टेशन ते मेनरोडच्या जुन्या म्युनिसिपालिटीपर्यंत ट्राम चालू झाली, आधी घोडे ओढायचे, नंतर इंजिन आलं, आणि १९३० नंतर दोनतीन वर्षांत बंद झाली. कल्पना करा, तिची एखादी फाटी पुढे गंगापूर रोडला नदीकाठी नेली असती आणि शेवटी कंपनीने बाग काढली असती तर! पण आपल्या ट्रामला रविवारचं गिऱ्हाईक शोधायची गरज नव्हती, तिच्या टोकाला गोदावरी आणि रामकुंड आधीच होतं. ज्या गावाला यात्रेकरू आपोआप येतात त्या गावाला कोस्टर कशाला लागतोय.

आपल्याकडे जत्रा होती, अजून आहे. नवरात्रात कालिकेच्या यात्रेला जे पाळणे लागतात त्यांना मी कमी समजत नाही. पूर्वी लाकडी पाळणा हाताने फिरवायचे, दोन पोरं सांगाड्यात माकडासारखी चढून आपल्या वजनाने आरे खाली दाबायची, पाळणा थांबवायला पण तीच लोंबकळायची, ते कौशल्य बघण्यासारखं. आता मोटर आहे, ब्रेकडान्स आहे, टोराटोरा आहे, आणि लंबगोल रुळावर चढउतार करत पळणारी ती ड्रॅगन गाडी, जी बारीक पोरांचा पहिला कोस्टर असते. या राइड्स ट्रकवर चढतात आणि पुढच्या जत्रेला जातात. त्यांना जमीन नसते, म्हणून जमिनीच्या भावाने त्या मरत नाहीत, पण त्यांची नोंद पण कुठे राहत नाही.

परत अमेरिकेत. १९१९ मध्ये जॉन मिलर या इंजिनियरने रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. एक चाक वर, एक बाजूला, एक खाली, असा रूळ तिन्हीकडून पकडला की गाडी टेकाडावरून कितीही जोरात जाऊ द्या, सुटणार नाही. आजचे सगळे मोठे कोस्टर याच्यावर चालतात, आणि सीटवरून आपण उचलले जातो तो एअरटाइम याच्यामुळेच बिनधास्त घेता येतो. मग विसाचं दशक म्हणजे नुसता धुमाकूळ. कोनी आयलंडचा लाकडी सायक्लोन १९२७ चा, आजही चालू. तिथेही बघा, १९२० ला पाच सेंटमध्ये सबवे किनाऱ्यापर्यंत पोचली होती.

पुढे १९२९ ची मंदी, मग युद्ध, आणि त्याच्यातून बाहेर येईपर्यंत लोकांनी मोटारी घेतल्या. ट्राम गेल्या तशी ट्रामची पार्क्स गेली, कोस्टर शेकड्यांनी पाडले. राइड्स खराब झाल्या म्हणून नाही हो, बऱ्याच धडधाकट होत्या, पण तिथे जायचा जुना रस्ताच मेला आणि जमिनीला घरं बांधायला भाव आला. १९५५ ला डिस्नीलँड आलं ते नव्या फ्रीवेच्या कडेला, पार्किंगसकट. १९५९ ला तिथल्याच मॅटरहॉर्न नावाच्या कोस्टरवर अ‍ॅरो कंपनीने पोलादी नळीचे रूळ वापरले आणि लाकूड मागे पडलं, नळी कशीही वाकवता येते ना.

वाकवण्यावरून लूपचा किस्सा सांगायलाच पाहिजे. उलटं फिरवायची खाज जुनी, १८९५ ला कोनी आयलंडलाच फ्लिप फ्लॅप नावाचा गोल लूप होता आणि त्याच्यात बसून लोकांच्या माना धरायच्या. कारण साधं आहे, गाडी सगळ्यात जास्त वेगात असते लूपच्या तळाशी, आणि पूर्ण गोलात सरळ रुळावरून एकदम घट्ट वळणात शिरावं लागतं, सगळा भार एका क्षणात मानेवर. यावर चांगला उतारा निघायला १९७६ उजाडलं. अँटन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनियरांनी कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कात रेव्होल्यूशन नावाच्या कोस्टरवर लूप केला तो थेंबाच्या आकाराचा, खाली वळण मोठं सैल, वर जाईल तसं आवळत जाणारं. वेग कमी होतो तिथे वळण घट्ट, त्यामुळे भार सारखा राहतो. रेल्वेवाले सरळ रुळातून वळणात गाडी नेताना हीच हळूहळू आवळणारी वक्ररेषा वापरतात, म्हणजे परत एकदा रेल्वेच.

त्याच सुमाराला वेड्यांची संघटना झाली. १९७८ ला अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स हा क्लब निघाला. त्याच्या आधी काही वर्षं कोनी आयलंडचा सायक्लोन पाडून तिथलं मत्स्यालय वाढवायचं चाललं होतं, लोकांनी आरडाओरडा करून तो वाचवला होता, त्यामुळे राइड वाचवता येते हे सगळ्यांना कळलेलं होतं. किती कोस्टरवर बसलो ते मोजायचं, त्याला क्रेडिट म्हणायचं, बंद असून उभ्या राहिलेल्या राइड्सची वेगळी यादी ठेवायची, या सवयी तिकडून आपल्याकडे आल्या, आधी इंटरनेट आणि मग यूट्यूब धरून. (क्रेडिटवरून भांडणं पण आली. जत्रेतली ड्रॅगन गाडी धरायची का नाही? मी धरतो.)

आपल्याकडची यादी छोटी पण दुखरी. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, १९८२ च्या एशियाडच्या हत्तीच्या नावाने काढलेलं, प्रगती मैदानाला, २००८ ला बंद, जागा सुप्रीम कोर्टाच्या कामाला गेली. कोलकात्याचं निक्को पार्क १९९१ चं, अजून आहे आणि तिथे सायक्लोन नावाचा लाकडी कोस्टर पण आहे. आणि आपलं एस्सेल वर्ल्ड, १९८९, गोराई. त्याची टीव्हीवरची जाहिरात पाठ नसलेलं पोरगं नव्वदच्या दशकात शोधून सापडलं नसतं. नाशिकच्या शाळांच्या सहली तिकडे जायच्या, मध्यरात्री लक्झरी निघायची, कसारा घाटात निम्मी पोरं उलट्या करायची, उजाडता उजाडता मुंबई, मग जेट्टी, मग बोट. डिझेलचा वास, खाडीचा वास आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा पाळणा. झिपर डिपर नावाचा तिथला कोस्टर काही जगात भारी नव्हता, पण आमच्या एका पिढीला कोस्टर म्हणजे तोच. कोरोनात सगळं बंद झालं, शेजारचं वॉटर किंगडम परत उघडलं, एस्सेल वर्ल्डच्या राइड्स काही परत फिरल्या नाहीत. खाडीवर पूल नाही, बोटीने जा नाहीतर भाईंदरवरून मोठा वळसा घाला, हे तेव्हा गंमत वाटायचं कारण पर्याय नव्हता.

पर्याय आला एक्स्प्रेसवेच्या कडेला. मनमोहन शेट्टींचं इमॅजिका एप्रिल २०१३ ला खोपोलीजवळ उघडलं आणि त्याच वर्षी तिथे नायट्रो हा कोस्टर आला, स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीचा, पाचदा उलटा करणारा. याला फ्लोअर नसतो. तुम्ही बसता, खांद्यावरचा बार खाली येतो, आणि मग पायाखालची जमीन आपोआप खाली जाते, पाय लटकायला लागतात, पुढच्या रांगेला तर समोर पण काही दिसत नाही, आणि तेवढ्यात कोणाची तरी चप्पल पडतेच पडते. वरच्या टोकाला चेन सुटली की पुढे मोटर नाही, ढकलणारं कोणी नाही, मॉक चंकच्या कोळशासारखं फक्त वजनावर. पुढे इमॅजिकावर कर्जाचा डोंगर झाला आणि २०२२ ला संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने ते घेतलं, तेच ज्यांचं शिर्डीला वेट एन जॉय आहे.

आता नाशिकला कधी येणार हा प्रश्न मला लोक विचारतात जसं काही मी आणणार आहे. पण अंदाज बांधायचा तर रस्ता बघायचा. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, कसारा घाट टाळून बोगद्यातून सुसाट मुंबईच्या दाराशी. लोक म्हणतात मग इगतपुरीलाच होईल, थंड हवा, रिसॉर्ट्स. मला नाही वाटत. तिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ओल्या रुळावर ब्रेक नीट धरत नाहीत, वेगात थेंब तोंडावर खड्यासारखे लागतात, मोठा कोस्टर जोराच्या पावसात बंदच ठेवावा लागतो, म्हणजे वर्षाचे तीनचार महिने धंदा नाही. माझा पैसा सिन्नरवर. कोरडा तालुका, समृद्धीला उतरायची सोय, पुणे रोड हाताशी, आणि शिर्डीला जाणारी गर्दी दारावरून रोजच चाललेली.